सूर्याचे वाटेकरी

"करुणाबाई, आज सूर्य कोनाचा?"

सटवाजींचा हा रोजचा प्रश्न. धरणाच्या काठाने शेताकडे जाताना करुणाची लूना दिसली की म्हातारा हटकून रस्त्यात उभा राहायचा आणि विचारायचा. करुणाही थांबून सांगायची, आज डचांचा आहे मामा, किंवा आज जपानचा, किंवा आज आपला. मग सटवाजी हात कपाळाला लावून वर बघायचे आणि म्हणायचे, डचांचा असला तरी चटका तेवढाच देऊन राहिलाय. आठ वर्षं हीच थट्टा. दोघांनाही तिचा कंटाळा आला नाही, हे विशेष.

थट्टा असली तरी खोटी नव्हती. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात जमिनीची एक चिंचोळी पट्टी आत गेली आहे, तिच्या टोकावर तीन देशांनी मिळून सूर्याची दुर्बीण उभी केली होती. दुर्बीण डचांची, तिला लावलेला कॅमेरा जपानचा. जागा, मनोरा आणि माणसं आपली. वर्षाचा खर्च तिघांत, म्हणून सूर्याचे दिवसही तिघांत वाटलेले. ज्याचा दिवस असेल त्याच्या शास्त्रज्ञांनी सांगितलेला डाग, सांगितलेली कडा बघायची आणि चित्रं त्यांना पाठवायची. कुठलाही मोठा निर्णय तिघांनी एकमताने घ्यायचा. एकाने जरी नाही म्हणून मान हलवली तरी बाकी दोघांनी गप्प बसायचं. भावकीत असतं तसंच की!

पाण्यातच का, असं गावाने सुरुवातीला फार विचारलं. करुणा सांगायची, तापलेल्या तव्यावरची हवा कशी थरथरते? तशी ती तापलेल्या जमिनीवरही थरथरते आणि सूर्याचं चित्र हलतं. पाणी लवकर तापत नाही. म्हणून पाण्यावरची हवा स्थिर, विशेषतः सकाळची. सिद्धेश्वरच्या सकाळींसाठीच तर हे लोक सात समुद्र ओलांडून आले होते.

करुणा वसमतची. तिची आई पद्माबाई उभा जन्म दुसऱ्याच्या हळदीत राबली. फेब्रुवारी-मार्च आला की तिची बोटं पिवळी व्हायची आणि आखाडापर्यंत तशीच राहायची. त्या पिवळ्या बोटांच्या कमाईवर करुणा औरंगाबादला जाऊन एमेस्सी झाली. दुर्बिणीचा पाया खोदला तेव्हा पाटीवर जिल्हा परभणी होतं; पुढे जिल्हा फुटला आणि तिथे हिंगोली रंगवलं, तेही करुणाच्या देखरेखीखाली. आधी ती साधी सहायक होती, मग केंद्रप्रमुख झाली. पुण्याची नोकरी आली तर नाही म्हणाली, स्थळं आली तर नाही म्हणाली. पद्माबाई चिडून म्हणायची की या पोरीने दुर्बिणीशीच लगीन लावलंय. करुणा हसायची, पण मनातल्या मनात तिला ते पटायचं.

आणि दोन हजार चारच्या जानेवारीत फॅक्स आला. डचांच्या सरकारने हात आखडता घेतला होता. यापुढे त्यांना एकाच ठिकाणच्या दुर्बिणीला पैसा देता येणार होता: सिद्धेश्वरला, नाहीतर अटलांटिक समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरच्या डोंगराला. पैशाचा निर्णय घेणारी त्यांची बाई मार्चमध्ये स्वतः येऊन तीन सकाळी बघणार आणि इथेच, तिन्ही भागीदारांच्या बैठकीत, सोक्षमोक्ष लावणार. सिद्धेश्वर नापास झालं तर दुर्बीण खोक्यात भरून बेटावर जाईल. जपान दुर्बिणीच्या मागे जाणार, हे तर उघडच होतं.

नेमका मार्च! करुणाने कळवून बघितलं की होळीनंतर महिनाभराने या. उत्तर आलं की जमणार नाही. आता मार्चमध्ये काय असतं, हे हिंगोली जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. खणलेली हळद उकडायची असते. काठावरच्या शेताशेतात लोखंडी कढया चढतात, खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट धडधडतं, वर गोणपाट झाकलेलं. दिवसभर धूर आणि वाफ. एरवी करुणा त्या दिवसांत अर्ध्या सकाळी वाया घालवायची आणि कुणी फारसं बोलायचं नाही. पण आता त्या तीन सकाळींवर सगळं लटकलं होतं. भागीदारीचा नियम असा की ढगांनी दिवस गेला तर तो मोजायचा नाही, ढगांना कोण काय करणार? पण माणसाने केलेला धूर मात्र जागेच्या नावावर लागायचा.

मग करुणा सटवाजींच्या शेतात गेली. आजूबाजूचे हळदवाले जमवले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की तीन दिवस सकाळी कढया पेटवू नका, नाहीतर माझी दुर्बीण जाते. लोक एकमेकांकडे बघू लागले. खणलेली हळद ढिगात पडली की गरम होते, तिचा रंग उतरतो. शिवहार नावाचा सटवाजींचा मुलगा कुरकुरलाही, की उकडणारी टोळी रिकामी बसवायची का. पण सटवाजी म्हणाले, तीन दिवस रातच्याला उकडू, त्यात काय. सूर्य रातच्याला थोडाच असतो? सगळे हसले. करुणाचा जीव भांड्यात पडला. तिने भागाबाईच्या, म्हणजे सटवाजींच्या बायकोच्या, हातचा चहा घेतला आणि गुणगुणत परतली.

पहिल्या दिवशी उजाडताना ती मनोऱ्याच्या गच्चीवर गेली. पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत पिवळसर पांढरी गादी अंथरलेली, आणि हवेत उकडलेल्या हळदीचा वास. रात्रभर साऱ्या काठाने एकदम कढया पेटवल्या होत्या. रात्रीच्या थंडीत धूर वर चढतच नाही, खाली पाण्यावर बसून राहतो. अगं बाई, हेच तर तू औरंगाबादला शिकलीस! परीक्षेत लिहिलंस, गुण मिळवलेस, आणि नेमकं वेळेवर विसरलीस. लोकांनी बिचाऱ्यांनी तिचं ऐकलं होतं, अगदी मनापासून ऐकलं होतं.

पाहुणे आले. डच बाई उंच, पांढऱ्या केसांची, बोलायला कमी. जपानचे पाहुणे त्याहून कमी बोलणारे. सोबत पुण्याहून आलेले आपल्या संस्थेचे संचालक, ते मात्र दोघांचं मिळून बोलत होते. पडद्यावर सूर्याचं चित्र आलं ते मळकट आणि लिबलिबीत. जपानच्या पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोष चष्म्यात नव्हता.

संचालक करुणाच्या कानाशी आले आणि हळूच मराठीत म्हणाले, नोंद करा, ढगाळ हवामान. करुणाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात डच बाईने सरळ तिलाच विचारलं की हे काय आहे. ढग म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द, आणि आजची सकाळ हिशेबातून बाद. पण हळदीचा वास तिच्या नाकात होता, आईच्या लुगड्याला यायचा तोच.

"धूर आहे," ती म्हणाली. "हळद उकडतात त्याचा. दरवर्षी असतो."

संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

दुपारी करुणा गावात गेली ती स्वतःवरच चरफडत. सटवाजींच्या अंगणात भागाबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती, पायाला औंढ्याच्या दवाखान्यातली पट्टी. अंधारात झारा निसटला आणि कढईतलं उकळतं पाणी पायावर आलं, असं शिवहारने सांगितलं. दिवसाउजेडी असं कधी झालं नव्हतं, हे तो बोलला नाही, पण करुणाला ते ऐकू आलं. भागाबाई उलट तिलाच म्हणाली की काही नाही पोरी, फोड आलाय, जाईल. करुणाला रडू फुटायचं बाकी राहिलं.

सटवाजींनी मोठ्या आशेने विचारलं, निघाला का सूर्य चांगला? तिला खोटं बोलवेना. तिने सांगितलं की नाही मामा, धूर रात्रभर पाण्यावर बसून राहिला, चूक माझीच झाली. म्हातारा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. करुणाने आणखी काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठे होतं? ती उठली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कसलीही आशा न धरता गच्चीवर चढली. वर गेली आणि बघतच राहिली. काठावर एक चूल पेटलेली नव्हती. रात्रीही पेटली नसावी, कारण पाणी लख्ख होतं आणि पलीकडच्या काठावरच्या शेळ्यासुद्धा दिसत होत्या. शेतात खणलेल्या हळदीचे ढीग तसेच पडलेले. कुणी काही सांगायला आलं नाही, कुणी उपकाराची भाषा केली नाही. सूर्य वर आला, झडप उघडली, आणि पडद्यावर सूर्यावरच्या डागाची कड अशी उमटली की तिच्यातला धागा न् धागा मोजून घ्यावा. जपानचे पाहुणे खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. डच बाई म्हणाली, बेटावरही मी असं कधी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. करुणाला वाटलं, जिंकलो!

कसचं काय! तिसऱ्या दिवशी दुपारी, मनोऱ्याखालच्या खोलीत, बैठकीला तोंड फुटलं ते डच बाईच्या समाधानाने. ती म्हणाली की जागा अव्वल आहे, आणि धूर थांबवता येतो हेही आम्ही दोन दिवस डोळ्यांनी बघितलं. तेव्हा नव्या करारात एकच अट घालू: हळदीच्या दिवसांत धरणाच्या काठावर उकडणं बंद. ती यजमान देशाने पाळायची. आणि तसं होऊ शकतं, असं केंद्रप्रमुखाने सहीनिशी लिहून द्यायचं. एवढं झालं की दुर्बीण इथेच राहील.

संचालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. ते म्हणाले, झालंच समजा. जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश. सगळ्यांची हळद धरणाच्या पाण्यावर, पाणी उपसायचा परवाना सरकारचा; कढई पेटवली की परवाना रद्द. कोण पेटवतो बघू! आणि त्यांनी कागद करुणाकडे सरकवला.

करुणाने कागदाला हात लावला नाही. तिच्या डोळ्यांपुढे भागाबाईचा पाय होता, आईची बोटं होती, ते उन्हात पडलेले ढीग होते. लोकांनी जीव लावून जे दोन दिवस दिले होते, त्याचाच आता दोर वळून त्यांच्या गळ्यात घालायचा? तिच्या अंगाची लाही लाही झाली. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे दुर्बीण फिरवणारी मोटर मंद गुणगुणत होती, ती आठ वर्षं तिने झोपेतही ऐकली होती.

ती म्हणाली की मी सही करणार नाही. ते दोन दिवस लोकांनी मला दिले, भागीदारीला नाही. दरवर्षी उकडणं बंद म्हणजे काठावरची हळद बंद, आणि हळद बंद म्हणजे उकडणाऱ्या टोळ्यांच्या बायकांची कमाई बंद. संचालकांनी तिला मराठीत खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही.

डच बाई मात्र रागावली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलंय का? मी उद्या दुपारी निघणार आहे. आज संध्याकाळी बसा त्यांच्याबरोबर. कदाचित त्यांच्याकडे काही वाट असेल. मी थांबते."

जपानचे पाहुणे करुणाकडे बघत होते. संचालक डोळ्यांनी विनवत होते, हो म्हण, अगं नुसतं हो म्हण. एक संध्याकाळ मागत होती ती बाई, जास्त नाही.

"विचारायची गरज नाही," करुणा म्हणाली. "मी त्यांच्यातलीच आहे. ते काय म्हणतील मला माहीत आहे."

हे बोलताना ऊर भरून आला तिचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण आपल्या माणसांच्या बाजूने उभे राहिलो, असं तिला वाटलं.

मग मत घेतलं. केंद्रप्रमुखच जी अट पाळता येणार नाही म्हणते तिच्यावर मी माझ्या सरकारचा पैसा कसा लावू, असं म्हणून डच बाईने सिद्धेश्वरला नकार दिला. जपानच्या पाहुण्यांनी खेदाने मान झुकवली. आपल्या संचालकांचा हात तेवढा एकटाच वर राहिला, आणि मग तोही खाली आला.

पावसाळ्याआधी खोकी भरली. गावातली माणसं न बोलावता हात लावायला आली. शिवहारने तर मुख्य आरशाचं खोकं पोटाशी धरून ट्रकपर्यंत नेलं आणि ड्रायव्हरला दम दिला की खड्ड्यात घालशील तर बघ. भागाबाई लंगडत काठापर्यंत आली होती. सटवाजी ट्रककडे बघत उभे होते, पण त्या दिवशी त्यांनी सूर्याचं काही विचारलं नाही. करुणाला संस्थेने पुण्यात एका खोलीत टेबल दिलं, ज्याच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची.

पुढच्या मार्चमध्ये रिकामा मनोरा पाटबंधारे खात्याच्या ताब्यात द्यायला ती परत आली. किल्ल्या दिल्या, आणि पाय आपोआप सटवाजींच्या शेताकडे वळले. कढई चढली होती. पाण्यावर धूर पसरला होता आणि आता तो कुणाला अडवत नव्हता. भागाबाईने तिला मिठीत घेतलं, गालावरून हात फिरवला, बाजेवर बसवलं. आणि चहाचं आधण ठेवता ठेवता ती रडू लागली. वर्षभर हे मनात घेऊन बसलोय, म्हणाली. आमच्या धुराने तुझी दुर्बीण गेली. गावात जो तो एकमेकाला बोल लावून राहिलाय, की पहिल्या रात्री तू पेटवली, तू पेटवली.

करुणाला धक्काच बसला. आपली माणसं गुन्हेगारासारखी जगत होती, आणि आपण पुण्यात बसून त्यांच्यासाठी केलेल्या त्यागाची ऊब घेत होतो! घाईघाईने ती कढईपाशी उभ्या असलेल्या सटवाजींकडे वळली.

"धुरानं न्हाई गेली, मामा. ते तुमच्या कढया बंद करायची अट घालत होते. सही केली असती तर दुर्बीण राहिली असती. मी केली नाही. मी जाऊ दिली तिला. तुमच्यासाठी."

वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. भागाबाई डोळे पुसायची थांबली. सटवाजी कढईवरचं गोणपाट नीट करत होते, ते हळूच वळले.

"अन् आमाला इचारायचं कोनी काढलंच न्हाई व्हय तिथं?"

करुणाने मान खाली घातली. "ती बाई म्हणाली होती. की विचारून या. थांबते म्हणाली."

"मंग?"

"मी म्हणाले, गरज नाही."

सटवाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. रागावले नव्हते ते. रागावले असते तर करुणाला बरं वाटलं असतं.

"सूर्य तिघांचा होता पोरी, त्याच्यात आमी कदी वाटा मागितला न्हाई," ते म्हणाले. "पन धूर तर आमचा होता ना? त्याचा जवाब तू काहून दिला?"

भागाबाई त्यांना गप्प करू लागली, लेकरू लांबून आलंय म्हणाली. करुणाने मान वर केली नाही. आपण संचालकांवर भडकलो होतो ते ज्या गोष्टीसाठी, तीच आपण केली, फक्त उलट्या बाजूने; हे तिला आता, या बाजेवर बसून कळत होतं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता. दुर्बीण बेटावर लागून महिने झाले होते.

शेवटी तिने विचारलं, "काय म्हणाला असता तुम्ही, मामा?"

सटवाजींनी पाण्याकडे बघितलं, मनोऱ्याकडे बघितलं.

"ते आता कसं सांगू?" ते म्हणाले. "त्या येळी कोनी इचारलंच न्हाई."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, गोणपाट सारलं, आणि हळद शिजली का ते काडी टोचून बघू लागले.